चिखलावर चालणारा दिवा

संकष्टीचा उपास सगळ्यात जास्त कोणाला कडक जातो, सांगा बघू? उपास करणाऱ्याला नाही, घरातल्या मुलांना. मोदक समोर वाफाळत असतात, आणि आजी म्हणते, चंद्र दिसल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही.

त्या रात्री आम्ही कामोठ्यातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर असेच ताटकळत बसलो होतो. मे महिना, अंगाला चिकटणारी हवा आणि चंद्रोदय दहाच्या पुढे. आजी खुर्चीत, मी सतरंजीवर आणि माझी भाची कठड्याला नाक लावून उभी. हिला घरात सगळे ‘काबाई’ म्हणतात. हिची निम्मी वाक्यं ‘का’ने सुरू होतात आणि उरलेली ‘का’ने संपतात, म्हणून.

तेवढ्यात वीज गेली.

कामोठं ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या एका अंगाला शीव-पनवेल महामार्ग आहे, तिथे दिवे कधी झोपतच नाहीत. मधे सेक्टर, दुकानं, वडापावच्या गाड्या, मानसरोवर स्टेशन. आणि दुसऱ्या अंगाला खाडी. गाढी नदी पनवेलच्या खाडीला मिळते तो हा भाग. खारफुटीची काळपट रांग आणि तिच्या पायाशी लोण्यासारखा मऊ चिखल. घरातले दिवे चालू असले की हा भाग आम्हाला दिसतच नाही. त्या रात्री वीज गेली, आणि पाचेक मिनिटांत डोळे सरावल्यावर तो अंधार हळूहळू उलगडायला लागला.

“मामा, तिकडे एक दिवा चालतोय.”

मी उठून पाहिलं. खरंच! पिवळसर, लहान, जमिनीलगत. तो थोडा सरकायचा, थांबायचा, खाली वाकल्यासारखा व्हायचा, मग गायबच. पुन्हा दहा हात पुढे हजर.

“तिथे रस्ता नाही ना?” काबाई म्हणाली. “तिथे तर नुसता चिखल आहे. मग चालतंय कोण?”

खुर्चीतून आवाज आला, “वेतोबा रातीचो फेरी मारता.”

आमची आजी वेंगुर्ल्याकडची. तिकडे आरवली नावाचं गाव आहे, आणि तिथल्या वेतोबाला लोक काय वाहतात, ठाऊक आहे? केळ्यांचे घड, आणि चपला! साध्यासुध्या नाहीत, चांगल्या हातभर लांबीच्या, चामड्याच्या. कारण वेतोबा रोज रात्री गावाची राखण करत फिरतो, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे. इतकं चालल्यावर चपला झिजणारच! देवळात ठेवलेल्या चपलांचे तळही झिजलेले दिसतात, असं आजी अगदी डोळे मोठे करून सांगते.

पण वेतोबा हा मायाळू. त्याचाच दुसरा अवतार म्हणजे भुतांचा राजा वेताळ. त्याची गोष्ट कोकणात, घाटावर, गोव्यात, सगळीकडे सांगतात. अमावास्येच्या रात्री वेताळाची पालखी निघते. पुढे-मागे भुतं, त्यांच्या हातात मशाली. लांबून बघणाऱ्याला फक्त दिव्यांची ओळ दिसते, कधी डोंगराच्या सोंडेवर, कधी नदीकाठी, कधी बांधावर. एकटाच जाळ दिसला, तर तो आग्या वेताळ. आपण जवळ जावं तर तो लांब जातो. मागे लागलं तर रात्रभर फिरवतो आणि उजाडता उजाडता माणूस बघतो तर काय, जिथून निघाला तिथेच परत! मग म्हणायचं, चकवा लागला.

एवढं ऐकून काबाईने विचारलं, “आजी, भुतांना मशाली का लागतात? त्यांना अंधारात दिसत नाही का?”

आजीने चंद्र उगवला का ते बघायला तोंड फिरवलं.

मला मात्र आजीची गोष्ट फार आवडली. नीट ऐका, तिच्यात तीन अगदी नेमक्या गोष्टी आहेत. हा दिवा जिथे वाट नाही तिथे चालतो. जवळ गेलं की पळतो. आणि त्याच्या मागे जाणारा गोल फिरून परत येतो. भुताला क्षणभर बाजूला ठेवा, आणि या तीन गोष्टी कोणी तरी खरोखर पाहिल्या असतील असं समजून चला. मग मजा येते.

पहिलं कोडं सोपं होतं. आणि त्याचं उत्तर मोदकांतच दडलेलं होतं.

म्हणजे असं. संकष्टी कधी असते? वद्य चतुर्थीला. आता आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांचा एक जुना हिशोब आहे. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणा, भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थी म्हणजे चार. चार पाऊण तीन. म्हणजे भरती तीनच्या सुमारास, दुपारी आणि रात्रीही. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. तीन आणि सव्वासहा, सव्वानऊ! आम्ही मोदकांची वाट बघत होतो, त्याच वेळी खाडीचं पाणी पार उतरलेलं होतं आणि चिखल उघडा पडला होता. चंद्र अजून यायचा होता, म्हणजे अंधारही मिट्ट. अशा वेळी चिखलात कोण जाईल?

चिंबोऱ्या पकडणारा.

कामोठे, जुई ही इथली जुनी गावं. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि इकडे नवं शहर वसायला लागलं. त्याआधी इथे भातखाचरं होती, मिठागरं होती, आणि खाडीवर जगणारी आगरी-कोळी माणसं होती. ती माणसं अजूनही आहेत, आपल्याला फक्त त्यांचं रात्रीचं काम दिसत नाही. चिंबोरी म्हणजे खाडीतला मोठा खेकडा. ती पकडायला फग लावतात. लोखंडी कडीला जाळी बांधायची, मधे आमिष अडकवायचं आणि ते पाण्यात सोडून द्यायचं. कोणी बिळाबिळातून आकडी घालूनही चिंबोरी काढतं. डोळ्यांवर उजेड पडला की ती क्षणभर बावचळते आणि तेवढ्यात माणूस वाकतो. आठवा, आमचा दिवा काय करत होता? सरकायचा, थांबायचा, खाली वाकायचा. हल्ली कपाळावर बांधायची बॅटरी असते. माणूस पाठमोरा झाला की दिवा गुल, वळला की हजर.

बॅटऱ्या नव्हत्या तेव्हा हेच काम टेंभा पेटवून नाही तर बत्ती घेऊन चालायचं. आणि पहिला पाऊस पडला की रायगडात वलगणीचे मासे चढतात. ओढ्यांना पाणी आलं की मासे अंडी घालायला उलटे शेतांकडे धावतात. मग रात्री गावातली माणसं दिवे घेऊन बांधावरून निघतात, एकामागे एक, कारण बांध असतोच तेवढा अरुंद. आता तुम्ही दूर टेकडीवर उभे आहात असं समजा. माणसं दिसत नाहीत. पावसात आवाजही येत नाही. दिसते काय, तर डुलत डुलत जाणारी पाच-सहा मशालींची ओळ. पालखीच की ती!

असं जगात सगळीकडे होतं. अमेरिकेत टेक्सास राज्यात मार्फा नावाचं गाव आहे. तिथे माळावर रात्री गूढ दिवे दिसतात, म्हणून लोक लांबून बघायला येतात. २००४ मध्ये भौतिकशास्त्र शिकणारे काही विद्यार्थी तिथे उपकरणं घेऊन जाऊन बसले. त्यांना आढळलं की त्यांनी पाहिलेले दिवे लांबच्या महामार्गावरच्या मोटारींचे होते. बिचाऱ्या मोटारवाल्यांना पत्ताच नाही की आपण भूत आहोत!

आमच्या गच्चीवरून तर हल्ली आणखी एक वेताळ दिसतो. खाडीपलीकडे नवी मुंबईचा विमानतळ झालाय. २५ डिसेंबर २०२५ ला तिथून प्रवासी विमानं उडायला लागली. विमान सरळ आपल्या दिशेने येत असलं की त्याचा दिवा हलतच नाही. आकाशात खिळल्यासारखा जागच्या जागी लटकतो, फक्त मोठा होत जातो. आणि मग विमान वळलं की एकाचे तीन दिवे होतात, लाल, हिरवा, पांढरा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी स्वतः चहाचा कप तसाच हातात धरून उभा होतो.

जाता जाता अमावास्येचंही सांगून टाकतो, कारण तो हिशोब मला फार मजेशीर वाटतो. अमावास्या म्हणजे पंधरावी तिथी. पंधराला पाऊणने गुणलं की सव्वाअकरा. म्हणजे ओहोटी साडेपाचच्या सुमारास. अमावास्या-पुनवेला समुद्राला उधाण असतं, भरती मोठी आणि ओहोटीही मोठी. म्हणजे अमावास्येला तिन्हीसांजेच्या तोंडावर चिखल सगळ्यात लांबवर उघडा पडतो, आणि अंधार पडायला लागतो तेव्हा पाणी परत फिरलेलं असतं. झपाट्याने. चिखलात पाय रुतलेले, वर चंद्र नाही आणि पाणी चढतंय. अशा वेळी तिथे पोरं खेळत राहिली तर? मला वाटतं, “तिन्हीसांजेला खाडीकडे जाऊ नका, वेताळ येतो,” असं म्हणणाऱ्या आज्यांना हा हिशोब पक्का ठाऊक असणार. पाढे म्हणून दाखवत बसण्यापेक्षा त्यांनी वेताळाला कामाला लावलं.

“पण मामा,” काबाई कठड्यावरून म्हणाली, “आपला दिवा आता उडतोय.”

मी पाहिलं. दिवा थांबला होता, पण खरंच जरासा वर-डावीकडे तरंगल्यासारखा वाटत होता. आजीने हळूच रामाचं नाव घेतलं.

हा प्रयोग तुम्ही आजच घरी करा. मोठ्यांना सांगून एक उदबत्ती लावा आणि ती खोलीच्या एका टोकाला घरात ठेवा. म्हणजे उदबत्तीच्या घरात हो, आपण आधीच घरात आहोत! खिडक्यांचे पडदे ओढा, खोली अगदी काळोखी करा, बंद टीव्हीचा तो लाल ठिपकासुद्धा झाका. आता दोन-तीन मीटर लांब बसून फक्त त्या लाल टोकाकडे बघत राहा. अर्ध्या-एक मिनिटात ते टोक सरकायला लागेल. वर जाईल, बाजूला घसरेल, झुलेल. उदबत्ती जागेवरच आहे, हे तुम्हाला माहीत असतं, तरीही! मग पडदा जरा बाजूला करा. खिडकीची चौकट दिसली की उदबत्ती गुपचूप जागेवर.

असं का? कुठलीही वस्तू हलते आहे का हे आपला मेंदू शेजारच्या वस्तूंवरून ठरवतो. काळ्याकुट्ट अंधारात शेजारी काही नसतंच. त्यात आपले डोळे एका जागी स्थिर कधीच राहत नाहीत, त्यांची बारीक थरथर चालू असते. मग मेंदूची गल्लत होते. मोठमोठ्यांची झाली आहे. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट हा जर्मनीचा नामांकित शास्त्रज्ञ. १७९९ मध्ये त्याला तारे असे डुलताना दिसले आणि ते खरंच डुलतात असं त्याने मानलं. त्या डुलण्याला नावसुद्धा दिलं. तारे नव्हे, आपली नजर डुलते, हे लोकांच्या ध्यानात यायला पुढे पन्नासहून जास्त वर्षं गेली.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे सगळे भुताचे दिवे म्हणजे एक तर चिंबोरीवाला, नाही तर डोळ्यांचा घोळ. संपली गोष्ट. नाही, संपली नाही! खरी गंमत पुढे आहे. कारण चिखल स्वतःसुद्धा पेटू शकतो.

तळ्याच्या तळाशी, दलदलीत, पाणी भरलेल्या भातखाचरात पानं, मुळं, गवत कुजत असतं. तिथे हवा पोचत नाही. हवेशिवाय जगणारे सूक्ष्मजीव हा कुजका माल खातात आणि एक वायू सोडतात, मिथेन. त्याचे बुडबुडे चिखलातून वर येतात. गावाकडे कोणाच्या घरी गोबरगॅस असेल तर हाच वायू त्यांच्या शेगडीत निळ्या ज्योतीने जळताना तुम्ही पाहिला असेल. मुंबईत देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराला २०१६ च्या जानेवारीत मोठी आग लागली होती, तिचा धूर उपग्रहाच्या चित्रांतही दिसला. त्या कचऱ्याच्या पोटातही मिथेन साठलेला असतो.

हा वायू पहिल्यांदा नीट कोणी पकडला, तर आलेस्सांद्रो व्होल्टा या इटलीच्या शास्त्रज्ञाने. होय, तोच! ज्याच्या नावावरून आपण बॅटरीचे ‘व्होल्ट’ मोजतो. १७७६ च्या नोव्हेंबरात तो माज्जोरे नावाच्या सरोवराच्या काठी गेला, काठीने तळाचा गाळ ढवळला, आणि वर आलेले बुडबुडे पाण्याने भरलेल्या बाटलीत उपड्या बाजूने गोळा केले. घरी आणून पेटवले, तर निळसर ज्योत! दलदलीवरच्या गूढ दिव्यांची गोष्ट युरोपातही होतीच. तिकडे त्या दिव्याला लॅटिन भाषेत ‘मूर्ख आग’ अशा अर्थाचं नाव होतं. व्होल्टाने अंदाज केला, की हाच वायू आणि त्याला पेटवणारी आकाशातली वीज, असं काही तरी या दिव्यामागे असावं.

पण इथे एक मोठी अडचण होती. मिथेन आपणहून पेटत नाही. त्याला पाचशे अंश सेल्सिअसहून जास्त तापावं लागतं, नाही तर ठिणगी लागते. रात्री थंडगार दलदलीत ठिणगी देणार कोण? दरवेळी वीज थोडीच कोसळते! मग काहींनी म्हटलं, की कुजण्यातून फॉस्फरसचाही एक वायू निघतो, तो हवेत आपोआप पेट घेऊ शकतो आणि तोच काडी लावत असेल. पण चिखलात तो सापडतो अगदी किंचित, चवीपुरत्या मिठाहूनही कमी.

दरम्यान बर्लिनच्या एका मेजरसाहेबांची गोष्ट ऐका. लुई ब्लेसन त्यांचं नाव. १८३२ मध्ये त्यांचा लेख छापून आला. जंगलातल्या एका दलदलीत दिवसा जिथे बुडबुडे दिसायचे, तिथेच रात्री निळसर ज्योती दिसतात, हे त्यांनी हेरलं. ते जवळ गेले की ज्योत मागे सरकायची. आपल्या आजीची दुसरी गोष्ट, बघा! सैनिक माणूस, घाबरून पळाला नाही. त्यांनी विचार केला, मी चालतो तेव्हा माझ्यापुढची हवा ढकलली जाते, माझा श्वासही जातो, आणि हलका वायू त्या झुळकीने पुढे सरकतो. म्हणून ते स्तब्ध उभे राहिले, तोंड दुसरीकडे वळवलं, आणि ज्योत परत आली! मग त्यांनी कागदाच्या पट्ट्या तिच्यात धरून पाहिल्या. मला हा माणूस फार आवडतो. भुताला पळवून लावायच्या ऐवजी त्याने भुताला पळायला लागू नये अशी व्यवस्था केली.

ठिणगीचं कोडं मात्र लोंबकळतच राहिलं. आणि आता दचकू नका, त्याचा एक धागा सापडला तो अगदी परवा, २०२५ मध्ये. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात रिचर्ड झेअर नावाचे रसायनशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्यात मिथेन आणि हवेचे अतिशय बारीक बुडबुडे सोडले आणि अतिवेगवान कॅमेरा लावून बघत बसले. काय दिसलं? दोन बुडबुडे एकमेकांजवळ आले की त्यांच्यामध्ये चक्क वीज चमकत होती. ढगांत कडाडते तीच, पण इतकी इवलीशी की डोळ्यांना कळणारही नाही. बुडबुड्यांच्या अंगावर विद्युतभार असतो, लहानमोठ्या बुडबुड्यांचा वेगवेगळा, म्हणून मधे ठिणगी उडते. आणि त्या ठिणगीने मिथेनचा हवेशी संयोग होऊन अगदी मंद, निळसर प्रकाश पडत होता. भडका नाही, जाळ नाही. व्होल्टा वीज शोधत होता आकाशात, ती निघाली बुडबुड्यांत!

प्रयोगशाळेत दिसलं म्हणून दलदलीतल्या प्रत्येक दिव्याचं कोडं सुटलं असं नाही. आणि आमच्या खाडीपुरती एक मेख आहेच. खाऱ्या चिखलात सल्फेट नावाचे क्षार भरपूर असतात. ते खाणारे सूक्ष्मजीव मिथेनवाल्यांना जेवायच्या पंगतीत मागे ढकलतात आणि वेगळाच वायू सोडतात. तो तुम्ही पाहिलेला नाही, पण ओहोटीच्या वेळी खाडीपुलावरून लोकलने गेलात तर हुंगलेला आहे. सडक्या अंड्याचा वास! म्हणून माझा अंदाज असा, की जुन्या काळी असे निळे दिवे दिसायचेच, तर ते खाडीपेक्षा गोड्या पाण्याच्या तळ्यांवर आणि पाणथळीत जास्त दिसत असतील. आता ती तळी बुजली, आणि उरली त्यांच्यावर रस्त्याच्या दिव्यांचा इतका झगझगाट आहे की मंद निळं काही असलं तरी दिसायचं कसं?

तसा आपल्या महाराष्ट्राला थंड उजेडाचा तोटा नाही. मे संपत आला की भंडारदरा, राजमाची, पुरुषवाडीकडे झाडंच्या झाडं काजव्यांनी लुकलुकतात. भीमाशंकरच्या जंगलात पावसाळ्यात कुजक्या सालींवर उगवणाऱ्या काही बुरश्या हिरवट चमकतात. एखाद्याला रात्री ते ओंडके दिसले तर तो पुन्हा त्या वाटेने जायचा नाही. आणि २०२० च्या नोव्हेंबरात जुहूपासून देवगडपर्यंत ठिकठिकाणी लाटा फुटताना निळ्या उजळत होत्या, आठवतं? नॉक्टिल्युका नावाचे एकपेशीय जीव, मोहरीएवढेसुद्धा नसतील. पाणी हललं की उजळतात. आग्या वेताळाचे हे सगळे चुलत भाऊ. यांना हात लावला तरी भाजत नाही.

तर आता राहिला चकवा. आणि एव्हाना, डोंगराच्या काळ्या रेघेवर, लालसर, एका बाजूने चेपलेला, दिसला एकदाचा चंद्र! आजीने अर्घ्य दिलं, वीजही आली, आम्ही मोदकांवर तुटून पडलो आणि खाडीतला दिवा पुन्हा दिसेनासा झाला. तोंडात मोदक असताना काबाईने विचारलं ते मला तिसऱ्यांदा कळलं: “दिवा गोल फिरवतो, की माणूसच गोल फिरतो?”

अगदी हाच प्रश्न जर्मनीतल्या यान सौमान नावाच्या शास्त्रज्ञाने विचारला होता. त्याने काही जणांच्या अंगावर जीपीएस बांधलं आणि त्यांना एका मोठ्या, सपाट जंगलात सोडलं. सांगितलं एवढंच, काही तास सरळ चालत राहा. सूर्य दिसत होता त्या दिवशी चालणारे जवळजवळ सरळ गेले. ढगाळ दिवशी चालणारे सगळे गोल फिरले, आणि काही तर स्वतःचीच वाट ओलांडून गेले, तरी त्यांना पत्ता लागला नाही! सहारा वाळवंटात एक जण रात्री चालत होता. चंद्र होता तोवर ठीक. चंद्र गेला आणि गडी वळत वळत आल्या दिशेला परत फिरला. डोळे बांधून चालायला लावलं तेव्हा तर काहींनी वीस मीटरहून लहान गोल काढले, आणि त्यांना वाटत होतं आपण नाकासमोर चाललोय. २००९ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. एक पाय लहान, एक मोठा म्हणून असं होतं, असं लोक म्हणतात, पण तसं नव्हतं. कारण एकच माणूस कधी डावीकडे वळायचा, कधी उजवीकडे. सरळ म्हणजे कुठे, हा मेंदूचा अंदाज दर पावलाला थोडा थोडा चुकतो, आणि चूक चुकीवर चढत जाते. बाहेर सूर्य, चंद्र, एखादा डोंगर दिसला की मेंदू ती दुरुस्त करतो. आमच्याकडे दिवसा कर्नाळ्याचा सुळका दिसतो, तो आमचा दुरुस्तीवाला.

साहजिकच दुसऱ्या दिवशी काबाईला प्रयोग करायचा होता.

आमच्या सेक्टरच्या कडेला एक मोकळं मैदान आहे, आणि त्याच्या पलीकडे खारफुटी सुरू होते. रात्री साडेआठला आम्ही तिथे गेलो. खड्डे, दगड नाहीत ना ते मी आधी फिरून पाहिलं. (तुम्हीही कोणी मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय हे करू नका. आणि गच्चीवर तर मुळीच नाही!) तिच्या डोळ्यांना ओढणी बांधली, टोपीवर छोटी बॅटरी अडकवली, म्हणजे मला तिची वाट दिसावी. मी शेजारून गुपचूप चालत होतो, मधे बोलायचं नाही असं ठरलं होतं. तीस पावलं झकास गेली. मग ती डावीकडे कलायला लागली. पन्नास, साठ... आणि नव्वदाव्या पावलाला बाईसाहेब निघाल्या त्या जागेपासून चार हातांवर उभ्या! ओढणी सोडली तर म्हणते, “तू मला उचलून आणलंस.” मग माझे डोळे बांधले. मी उजवीकडे फिरलो, तेही दोनदा. अशा आमच्या आठ-दहा फेऱ्या झाल्या. शेवटी आजीचा फोन आला, पानं घेतली आहेत म्हणून. आम्ही बॅटरी बंद केली आणि घरी आलो.

सकाळी कोपऱ्यावर एक काका टोपलीत चिंबोऱ्या घेऊन बसले होते. दोऱ्याने नांग्या बांधलेल्या, हिरवट काळ्या, अजून फुसफुसत होत्या. मी भाव विचारत होतो, तेवढ्यात ते शेजारच्या माणसाला सांगायला लागले.

“काल राती त्या मैदानान दिवा फिरत होता. गरगर, गरगर. आमी खाडीन होतो ना, तिथशी बगला.”

काबाईने माझा हात घट्ट दाबला. मग तिच्याने राहवलं नाही.

“काका, मग तुम्ही जवळ जाऊन का नाही बघितलं?”

“गेलो ना!” काका म्हणाले. “पन आमी जवल गेलो, आन तो इजला.”